दहावीनंतर कोणतं गणित घ्यावं? काय करावं, काय टाळावं

बरीच वर्षं मी अकरावी-बारावीला गणित शिकवलं. प्रवेशाच्या दिवसांत समोर बसलेले आई-वडील एकच प्रश्न विचारतात: "सर, गणित ठेवायचं की सोडायचं?" मुलगा किंवा मुलगी शेजारी खाली मान घालून बसलेली असते. हा प्रश्न अपुरा आहे. आता गणित एकच राहिलेलं नाही. कोणतं गणित, कशासाठी आणि आपली आजची तयारी किती, या तिन्हींची उत्तरं मिळाली तरच निर्णय घेता येतो. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पसंतीक्रम भरायला मोजकेच दिवस मिळतात आणि त्या गडबडीत विषयांचा रकाना सगळ्यात शेवटी, कोणाला तरी विचारून भरला जातो. तो रकाना शांतपणे भरता यावा म्हणून ही यादी.

आधी पर्याय ओळखा

• राज्य मंडळ, विज्ञान आणि कला: 'गणित आणि संख्याशास्त्र'. बारावीच्या २०२० च्या पुस्तकांत तर्क, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, व्हेक्टर, रेषा आणि प्रतल, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन आणि संभाव्यता आहे. कॅल्क्युलसचा वाटा मोठा.

• राज्य मंडळ, वाणिज्य: नाव तेच, पुस्तक वेगळं. पहिल्या भागात मॅट्रिक्स आणि कॅल्क्युलस. दुसऱ्या भागात कमिशन आणि दलाली, विमा आणि अ‍ॅन्युइटी, रिग्रेशन, टाइम सिरीज, निर्देशांक, लिनिअर प्रोग्रामिंग, कामांची वाटणी आणि कामांचा क्रम. खरं उपयोजित गणित इथे आहे.

• सीबीएसई: 'गणित' (०४१) किंवा 'उपयोजित गणित' (२४१). दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. उपयोजित गणित प्रामुख्याने वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रांकडे जाणाऱ्यांसाठी आखलेलं आहे.

• पॉलिटेक्निक: पहिल्या सत्रात बेसिक मॅथेमॅटिक्स, दुसऱ्या सत्रात अप्लाइड मॅथेमॅटिक्स. इथे निवड नाही, दोन्ही करावेच लागतात.

काय करावं

१. कुठे जायचं ते आधी लिहून काढा. कोऱ्या कागदावर तीन अभ्यासक्रम लिहा: सगळ्यात आवडता, दुसरा, आणि दोन्ही हुकले तर तिसरा. प्रत्येकापुढे प्रवेशासाठी कोणतं गणित लागतं ते लिहा. काही नोंदी मीच देतो.

– महाराष्ट्रात बी.ई. किंवा बी.टेक.साठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच.
– आर्किटेक्चरला गणित लागतं.
– बी.फार्म.ला गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकी एक चालतं.
– कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.स्टॅट.ला बारावीत गणित आणि इंग्रजी हवं.
– दिल्ली विद्यापीठाच्या इकॉनॉमिक्स ऑनर्सला गणित लागतं.
– बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला अनेक ठिकाणी बारावीचं गणित मागतात. आपल्या विद्यापीठाचं आणि कॉलेजचं त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा.

तुमच्या तीन अभ्यासक्रमांपैकी एकालाही गणित लागत असेल तर ते ठेवा.

२. मार्कशीटच्या पलीकडे बघा. दहावीच्या मार्कशीटवर गणितासमोर एकच आकडा असतो. त्यात बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण मिसळलेले असतात. ८५ गुण दोन मुलांना मिळाले तरी एकाचं बीजगणित पक्कं आणि भूमिती कच्ची असेल, दुसऱ्याचं उलट. अकरावीत बीजगणिताला जास्त किंमत आहे. सराव परीक्षांचे पेपर काढा आणि दोन्ही भागांचे गुण वेगळे मांडा.

३. स्वतःची पाटी तपासा. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून अर्ध्या तासात ही पाच उदाहरणं सोडवा.

– क्ष² − ५क्ष + ६ = ० असेल तर क्ष किती?
– (२, ३) आणि (४, ७) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ किती?
– १/क्ष आणि १/(क्ष + १) यांची बेरीज एका अपूर्णांकात लिहा.
– १०,००० रुपयांवर द.सा.द.शे. ८ दराने २ वर्षांनी चक्रवाढीने रास किती?
– मनोऱ्यापासून ६० मीटरवर जमिनीवरून त्याचा माथा ४५ अंशांच्या कोनात दिसतो. मनोरा किती उंच?

उत्तरं: २ आणि ३, २, (२क्ष + १) / क्ष(क्ष + १), ११,६६४ रुपये, ६० मीटर. पाचही आली तर विज्ञानाचं गणित निर्धास्त घ्या. तिसरं अडलं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत अक्षरी अपूर्णांक पक्के करा, कारण अकरावीच्या जवळजवळ प्रत्येक धड्यात ते भेटतात. तीन अडली तरी लगेच गणित सोडू नका. कुठे अडलं ते कागदावर मांडा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बसा.

४. एक संध्याकाळ पुस्तकाला द्या. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत मिळतात, छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात विकतही मिळतात. विज्ञानाचं आणि वाणिज्याचं, दोन्ही पुस्तकं समोर ठेवा. अकरावीच्या पहिल्या दोन धड्यांतली सोडवलेली उदाहरणं वहीत उतरवून समजून घ्या. किती कळलं यापेक्षा दोन तासांनी अजून बसावंसं वाटतं का, हे बघा. दोन वर्षं ज्या विषयाबरोबर काढायची, त्याच्याबरोबर एक संध्याकाळ तरी काढून बघायला हवी.

५. वाणिज्यात असाल तर 'मॅथ्स की एसपी' हा प्रश्न हलका घेऊ नका. एसपी म्हणजे सेक्रेटरिअल प्रॅक्टिस. ते वाचून येतं, म्हणून बरेच जण तिकडे जातात. कंपनी सेक्रेटरी व्हायचं असेल किंवा कायद्याची ओढ असेल तर ती निवड योग्य आहे. सीए करायचं असेल तर गणित घ्या. सीए फाउंडेशनच्या तिसऱ्या पेपरात १०० गुण असतात: ४० व्यापारी गणिताचे, २० तार्किक प्रश्नांचे, ४० संख्याशास्त्राचे, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. अकरावीत टाळलेलं गणित तिथे, अधिक घाईत, पुन्हा समोर येतं.

वाणिज्याच्या गणितात किती अर्थ आहे ते एका उदाहरणावरून बघा. वाळूजमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये एक लेथ आहे, एक ड्रिलिंग मशीन आहे. तीन कामं आली आहेत. प्रत्येक काम आधी लेथवर जातं, मग ड्रिलिंगवर. पहिल्या कामाला लेथवर ५ तास आणि ड्रिलिंगवर २. दुसऱ्याला १ आणि ६. तिसऱ्याला ३ आणि ४. पहिलं, तिसरं, दुसरं असा क्रम लावला तर सगळं संपायला १८ तास लागतात. दुसरं, तिसरं, पहिलं असा लावला तर १३ तासांत काम होतं. यंत्रं तीच, माणसं तीच, कामंही तीच, तरी ५ तास वाचले. नियम सोपा आहे: सगळ्यात लहान वेळ लेथवर असेल तर ते काम आधी घ्या, ड्रिलिंगवर असेल तर शेवटी, आणि उरलेल्यांना पुन्हा हाच नियम लावा. ही रीत एस. एम. जॉन्सन यांनी १९५४ मध्ये मांडली आणि बारावी वाणिज्याच्या पुस्तकात ती आहे.

तिथेच कामांच्या वाटणीचं गणित आहे. ४ माणसांना ४ कामं वाटण्याच्या २४ तऱ्हा होतात. १० माणसांना १० कामं वाटायची तर ३६,२८,८००. त्या एकेक करून तपासत कोणी बसणार नाही. पुस्तकातली रीत काही पायऱ्यांत सगळ्यात स्वस्त वाटणी काढून देते. वाळूज, शेंद्रा, बिडकीनच्या कारखान्यांत उत्पादनाचं नियोजन करणाऱ्याला हे रोज लागतं. घरचं दुकान, ट्रान्सपोर्ट किंवा शेतमालाचा व्यापार सांभाळणार असाल तरी लागतं.

६. विज्ञानाचं गणित घेणार असाल तर कॅल्क्युलस कशासाठी ते आधी समजून घ्या. 'हे शिकून पुढे काय?' या प्रश्नाचं उत्तर न मिळाल्यानं अनेकांचं मन त्यातून उडतं. उत्तर आपल्या पैठणला आहे. पावसाळ्यात रोज वाचतो: जायकवाडी धरणातून अमुक क्युसेक विसर्ग. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे ११,५७४ क्युसेकनं चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी गेलं. ही पाचवीतली भागाकार-गुणाकाराची गोष्ट झाली. पण पुरात विसर्ग तासातासाला बदलतो. सकाळी कमी असतो, दुपारी दारं उचलतात, रात्री पुन्हा उतरवतात. मग एकूण पाणी किती गेलं? दिवसाचे लहान लहान तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातला विसर्ग वेळेनं गुणायचा आणि सगळं मिळवायचं. तुकडे जितके बारीक, उत्तर तितकं खरं. त्या मिळवणीचं नाव इंटिग्रेशन. साठा किती वेगानं वाढतोय हे काढायचं नाव डेरिव्हेटिव्ह.

धरणाची टक्केवारी हेही गणितच. जायकवाडीचा जिवंत साठा सुमारे ७६.६५ टीएमसी आणि मृतसाठा सुमारे २६ टीएमसी. बातमीतले '५० टक्के' जिवंत साठ्याचे असतात. म्हणजे त्या दिवशी धरणात प्रत्यक्षात साधारण ६४ टीएमसी पाणी असतं. 'शून्य टक्के' म्हणजे कोरडं धरणही नव्हे. हे वाचता येणारा मुलगा उद्या जलसंपदा खात्यात असो की शेतात, चार लोकांना नीट समजावून सांगू शकतो.

७. डॉक्टर व्हायचं असेल, पण मन पूर्ण ठरलेलं नसेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. विज्ञान शाखेत दोन भाषा, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र अशी सहा विषयांची मांडणी करता येते. नीटमध्ये गणित नाही, म्हणून मराठवाड्यात अनेक घरांत ते पहिल्याच दिवशी वगळून त्या जागी हलका विषय घेतला जातो. नीटमध्ये जागा मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर बारावीच्या जूनमध्ये अभियांत्रिकी आणि आर्किटेक्चरचे रस्ते आधीच बंद झालेले असतात. माझ्याकडे आलेला एक मुलगा भौतिकशास्त्रात अतिशय हुशार होता. नीटचे दोन प्रयत्न झाल्यावर त्याला यंत्रांची ओढ असल्याचं त्याच्याच लक्षात आलं. फक्त गणितासाठी त्याला आणखी एक वर्ष घालवावं लागलं. दोन्ही विषयांचं ओझं खरंच आहे. ते झेपेल का हे पहिल्या चाचणीपर्यंत प्रामाणिकपणे बघा.

८. एनडीएचं स्वप्न असेल तर गणिताला पर्याय नाही. आपल्या शहरात १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. तिथे दहावीनंतर निवडलेली मुलं एनडीएची तयारी करतात. मुलींनाही आता एनडीएचं दार खुलं आहे. लष्करासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हवं. लेखी परीक्षेतला ३०० गुणांचा गणिताचा पेपर मात्र सगळ्यांना सारखाच. कला शाखेतून जाणाऱ्यांनी 'गणित आणि संख्याशास्त्र' हा विषय कला शाखेतही मिळतो हे लक्षात ठेवावं, आणि तो शिकवणारं कॉलेज शोधूनच प्रवेश घ्यावा.

९. संख्याशास्त्राच्या धड्यांना मान द्या. एमबीबीएसला कम्युनिटी मेडिसिनमध्ये बायोस्टॅटिस्टिक्स आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठात प्रयोगाचे प्लॉट मांडायला संख्याशास्त्र लागतं. मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र त्याच्याशिवाय पुढे सरकत नाहीत. सरासरी, प्रमाणित विचलन, संभाव्यता एवढं ज्याला मनापासून समजलं, त्याला कोणत्याही शाखेत त्याचा आधार मिळतो.

१०. मराठी माध्यमातून आला असाल तर शब्दांची वही करा. जालना, बीड, हिंगोलीहून शहरात आलेली मुलं वर्गात पहिले दोन महिने गप्प बसतात. गणित त्यांना येत असतं. 'टॅन्जन्ट' म्हणजे आपली स्पर्शिका, 'व्हेरिएबल' म्हणजे चल, 'स्लोप' म्हणजे चढ एवढंच माहीत नसतं. रोज दहा शब्दांची जोडी लिहा. दिवाळीपर्यंत भिंत पडलेली असेल. भाषेच्या अडचणीवरून आपल्याला गणित येत नाही असं ठरवू नका.

११. पहिले सहा आठवडे कसोटीचे माना. वर्ग सुरू झाल्यावर रोज एक तास गणिताला द्या. सहा आठवड्यांनी स्वतःला विचारा: रोज एक तरी उदाहरण कोणाच्या मदतीशिवाय सुटतं का? सुटत असेल तर टिका. अजिबात सुटत नसेल तर विषय बदलण्याबद्दल कॉलेजच्या कार्यालयात तेव्हाच बोला. विषयबदल लवकरच करता येतो. सहामाहीनंतर फार उशीर होतो.

१२. एक वर्ष पुढे असलेल्यांशी बोला. बारावीतली ताई, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या सत्रातला दादा, बी.कॉम.ला असलेली शेजारची मुलगी यांना विचारा: आठवड्याला किती तास जातात, कुठे अडतं, पुन्हा निवडायचं झालं तर काय निवडशील? चार जणांशी बोला. एकाच्या अनुभवावर निर्णय नको.

काय टाळावं

१. भीतीपोटी सोडू नका. पैठण तालुक्यातून आलेली एक मुलगी सांगायची, "सर, मला ट्रिगनॉमेट्री येतच नाही." तिची वही घेऊन बसलो. सूत्रं सगळी पाठ होती, कोनही बरोबर होते. प्रत्येक उदाहरण एकाच जागी मोडत होतं: दोन अपूर्णांकांची बेरीज करताना ती छेदांचीही बेरीज करायची. सातवीतली एक चूक अकरावीपर्यंत तिच्यासोबत आली होती आणि तिला ती 'ट्रिगनॉमेट्री' म्हणून भीती घालत होती. आठ दिवसांत चूक गेली. भीतीचं नेमकं ठिकाण सापडलं तर बहुतेक वेळा ते लहान निघतं. ते शोधण्याआधी विषय टाकू नका.

२. प्रतिष्ठेसाठी घेऊ नका. 'हुशार मुलं गणितच घेतात' हे वाक्य मुलांना फार दुखावतं. भाषा, इतिहास, भूगोल यांत रमणाऱ्या मुलावर विज्ञानाचं गणित लादलं तर दोन वर्षांत त्याचं गणित तर होत नाहीच, त्याचा मूळचा आनंदही जातो.

३. मैत्रीखातर विषय निवडू नका. एका बाकावर बसायला मिळावं म्हणून घेतलेला विषय शेवटी एकट्यानं सोडवावा लागतो. मैत्री कॅन्टीनमध्ये आणि सायकलवर टिकते.

४. 'स्कोअरिंग' या शब्दावर भाळू नका. बारावीचं गणित ८० गुण लेखी आणि २० प्रात्यक्षिक असं आहे आणि त्यात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलंही असतात. पण गुण मिळवणं आणि पाया होणं वेगळं. एमएचटी-सीईटीमध्ये गणिताच्या ५० प्रश्नांना १०० गुण आहेत, म्हणजे एकूण २०० पैकी निम्मे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून उरलेले निम्मे. पाठ केलेल्या पायऱ्या तिथे फार लांब नेत नाहीत.

५. 'उपयोजित' म्हणजे सोपं असं धरू नका. सीबीएसईच्या उपयोजित गणितात कॅल्क्युलस आहे, संभाव्यता आहे, टाइम सिरीज आहे, आर्थिक गणित आहे. राज्य मंडळाच्या वाणिज्य गणितातही डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन आहे. तिथे उत्तरापेक्षा प्रश्न मांडणं कठीण असतं: गोष्ट वाचायची, चल ठरवायचे, मग समीकरण. ज्यांना प्रसंगातून गणित बांधायला आवडतं त्यांनी ते हौसेनं घ्यावं. अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्राकडे जायचं असेल तर मात्र ०४१ घ्या, २४१ नको.

६. डिप्लोमा म्हणजे गणितातून सुटका असं समजू नका. पॉलिटेक्निकला जाणारी अनेक मुलं याच आशेनं जातात आणि पहिल्याच वर्षी दोन्ही गणितांत अडकतात. डिप्लोमा उत्तम आहे. हाताला काम येतं, पुढे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशही मिळू शकतो. पण जाताना दहावीचं बीजगणित पक्कं करून जा. थेट दुसऱ्या वर्षाला गेलात तर तिथल्या गणिताला बारावीची कॅल्क्युलस लागते, आणि ती भरून काढायला वेळ मिळत नाही.

७. विषय ठरण्याआधी क्लासची दोन वर्षांची फी भरू नका. मेमध्येच 'आत्ता भरलीत तर सवलत' असं सांगितलं जातं. एकदा मोठी रक्कम गेली की मुलाला विषय बदलावासा वाटला तरी घरात कोणाला ते बोलवत नाही. एक महिना बसून बघा, हप्त्यानं भरा, पैसे परत मिळण्याची अट लेखी घ्या.

८. नावापुरतं कॉलेज निवडू नका. हजेरी एकीकडे आणि शिकणं दुसरीकडे अशी व्यवस्था असेल तर गणिताचं प्रात्यक्षिक आणि शंका विचारण्याची जागा दोन्ही हातची जातात. प्रवेशाआधी एवढंच विचारा: गणिताचे तास आठवड्याला किती, कायम शिक्षक आहेत का, शंका विचारायला कधी बसतात?

९. अकरावी वाया घालवू नका. 'बोर्ड तर बारावीचं' असं म्हणत अकरावी ढकलली जाते. सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, आणि बारावीची त्रिकोणमिती व कॅल्क्युलस अकरावीवर उभी आहे. जेईई मेनमध्ये तर दोन्ही वर्षांना सारखंच महत्त्व.

१०. 'मुलीला कशाला गणित?' हे वाक्य घरात येऊ देऊ नका. अजूनही ते ऐकू येतं, कधी आजीकडून, कधी शेजारून, कधी काळजीपोटी वडिलांकडूनही. गणित सुटलं की तिच्यापुढचे अनेक अभ्यासक्रम, नोकऱ्या आणि स्वतःच्या पैशाचा हिशेब स्वतः मांडण्याची ताकद हातातून जाते. तिच्या गणिताचा निर्णय तिच्या तयारीवर आणि आवडीवर ठरू द्या.

११. जुन्या सल्ल्यावर विसंबू नका. मामांच्या वेळचे नियम, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फोटो, क्लासच्या पत्रकातली ओळ यांपैकी काहीही शेवटचं मानू नका. पुस्तकं बदलतात, प्रवेश परीक्षा बदलतात. सीईटी कक्ष, बोर्ड आणि विद्यापीठ यांचं त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. वाचायला अवघड गेलं तर शिक्षकांबरोबर बसून वाचा.

१२. 'सोडू, मग बघू' असं म्हणू नका. बारावीनंतर एखादा विषय वेगळा देण्याची सोय बोर्डाकडे आहे. पण तोवर मित्र पुढे गेलेले असतात, वर्ग नसतो, सवय मोडलेली असते. गणित सोडायला एक खूण पुरते. परत धरायला वर्ष जातं. दोलायमान असाल तर सहा आठवडे ठेवून बघा.

सही करण्याआधी पाच प्रश्न

वही घ्या आणि प्रत्येकाचं उत्तर एका ओळीत लिहा.

– माझ्या तिन्ही पसंतींना कोणतं गणित लागतं?
– पाच उदाहरणांपैकी किती सुटली, आणि कोणतं अडलं?
– पुस्तकाबरोबरची संध्याकाळ कशी गेली?
– कॉलेजात हा विषय खरोखर शिकवला जातो का?
– हा निर्णय माझा आहे की दुसऱ्याचा?

पाचही ओळी लिहिता आल्या तर फॉर्म भरा. एखादी कोरी राहिली तर ती भरेपर्यंत एक दिवस थांबा. आई-वडिलांनी ती वही वाचावी, पण पेन मुलाच्या हातातच राहू द्यावं.

शेवटी एक गोष्ट, आपल्या परिसरातली. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटणादेवीचं रान लागतं. तिथे इ.स. १२०७ चा एक शिलालेख आहे. त्या काळी देवगिरीवर सिंघण यादवाचं राज्य होतं आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव त्याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं तिथे मठ काढला आणि सिंघणाच्या मांडलिक निकुंभ राजानं त्याला दान दिलं. पुढच्या ओळींत बाजारातल्या मालातून, धान्यातून, तेलाच्या घाण्यातून मठाला द्यायचा वाटा नोंदवला आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त व्याज आहे, मालाची देवघेव आहे, मिश्रणं, खोदकाम आणि सावल्या आहेत. 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहांची गती आहे. म्हणजे देवगिरीच्या त्या किल्ल्याच्या छायेत आठशे वर्षांपूर्वी तेली आणि वाणी आपल्या मापातलं थोडं बाजूला काढत होते, कोणाची तरी मुलं गणित शिकावीत म्हणून. बाजाराचं गणित आणि आकाशाचं गणित तिथे एकाच मठात शिकवलं जात होतं. तुमच्या फॉर्मवर आज दोन वेगळे कोड आहेत. दोन्हींपैकी कोणताही निवडलात तरी तो कमीपणाचा नाही. तो स्वतः बघून, हाताळून निवडा, आणि मग दोन वर्षं रोज एक तास त्याला द्या.